बोहारणीचं विमान

वहिनींच्या वहीत पहिल्या पानावर ‘श्री’ आहे. त्याखाली चार क्रेडिट कार्डांची नावं, प्रत्येकाचं बिल कधी निघतं ती तारीख आणि पैसे भरायची शेवटची तारीख. दुसऱ्या पानापासून रकाने सुरू होतात. तारीख, कुणाचा खर्च, किती, कोणतं कार्ड, पॉइंट आले का. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी बरोबरची खूण आहे. काही ठिकाणी मात्र ‘भांडले’ असा शेरा.

‘धाकट्या वन्संचा मोतीबिंदू, उजवा डोळा.’ खूण. ‘सोसायटीची लिफ्ट.’ खूण. ‘भाच्याचं लग्न, हॉलचा दुसरा हप्ता.’ भांडले.

संपादकांचा फोन जूनमध्ये आला होता. “यंदाच्या अंकाचा विषय ‘फुकट’. घरी बसून चिंतन नको, कुठेतरी जाऊन, बघून लिहा.” आता फुकट काय बघायला जाणार? लग्नाच्या पंगती, देवळातला प्रसाद, मंत्रालयाबाहेरच्या रांगा असं काहीबाही डोक्यात घोळत होतं, तेवढ्यात डोंबिवलीच्या जुन्या शेजारणीचा, वहिनींचा, फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, “सप्टेंबरात दोघं मालदीवला चाललोय. तिकीट पॉइंटांवर काढलंय.”

“म्हणजे फुकट?”

“फुकट म्हणू नका हो भाऊजी. जमवलेलं आहे.”

फडके रोडच्या मागच्या इमारतीत आम्ही समोरासमोर राहायचो. अण्णा पोस्टात, वहिनी एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात अकाउंट्सला. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, खिडकीच्या ग्रिलला चिमटे लावून त्या वाळवायच्या आणि गठ्ठा झाला की रद्दीवाल्याला द्यायच्या. त्या पैशांत वर्षातून एकदा सगळ्या मजल्यावरच्या पोरांना आईस्क्रीम मिळायचं. हीच बाई मालदीवला निघाली आहे म्हटल्यावर मी वही-पेन घेऊन डोंबिवली गाठली.

वन्संचा मोतीबिंदू

क्रेडिट कार्डावर खर्च केला की बँक पॉइंट देते, हे आता कुणाला सांगायला नको. २०२४ च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. बहुतेकांचे पॉइंट पडून राहतात आणि मरतात. काही जण बँकेच्या कॅटलॉगमधून टोस्टर मागवतात. टोस्टर मागवणाऱ्यांबद्दल वहिनींना मनापासून कीव वाटते. त्यांचं म्हणणं असं की टोस्टरला एक पॉइंट चार आण्याला जातो. तोच विमान कंपनीकडे वळवला आणि नीट वापरला तर रुपयाच्या घरात, कधी वरही पडतो.

‘वळवणं’ हीच या खेळातली गोम. बँकेचे पॉइंट विमान कंपनीच्या योजनेत पाठवायचे. तिथे त्यांचे मैल होतात. कुठे त्यांना मैल म्हणतात, कुठे आणखी काही. ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, फिनएअर यांच्याकडे ‘एव्हिओस’ नावाचं सामायिक नाणं चालतं. वहिनींनी आपले पॉइंट एव्हिओस केले, पण त्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात पाऊलही ठेवणार नव्हत्या. त्यांना बसायचं होतं श्रीलंकन एअरलाइन्समध्ये, मुंबई ते कोलंबो आणि कोलंबो ते माले. दोन्ही कंपन्या ‘वनवर्ल्ड’ या एकाच गोटातल्या, म्हणून एकीचं नाणं दुसरीकडे चालतं. एअर इंडिया २०१४ साली ‘स्टार अलायन्स’मध्ये गेली, तेव्हापासून सिंगापूर एअरलाइन्सच्या मैलांवर एअर इंडियात बसता येतं, तसंच हे. बेस्टचा पास एसटीत चालावा अशी ही सोय. फक्त कंडक्टरनं ‘जागा आहे’ म्हणायला हवं.

पण आधी पॉइंट यायला हवेत आणि त्यासाठी खर्च हवा. हिशेब सोपा आहे. दोन टक्के परतावा धरला, तर तीस हजारांच्या तिकिटासाठी पंधरा लाख खर्च करायला हवेत. निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरात पंधरा लाख कुठून खर्च होणार? म्हणून वन्संचा मोतीबिंदू. पुण्याला आयटीत असलेल्या मुलाच्या भारी कार्डाचं ॲड-ऑन कार्ड वहिनींकडे आहे. नात्यागोत्यातला, सोसायटीतला, भिशीतल्या बायकांचा कुठलाही मोठा खर्च निघाला की वहिनी कार्ड घेऊन हजर. त्या बिल भरतात, समोरचा माणूस त्याच क्षणी त्यांना यूपीआयनं पैसे पाठवतो. त्याचं काही जात नाही, वहिनींच्या वहीत एक ओळ वाढते.

यात खाचा पुष्कळ. पेट्रोलवर पॉइंट नाहीत. वॉलेट भरलं तर नाहीत. घरभाड्यावर पूर्वी मिळायचे, मग बँकांनी उलट शुल्क लावलं. विम्याला मर्यादा. वर्षात कार्डाची बिलं दहा लाखांवर भरली गेली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते, त्यामुळे अण्णांना अधूनमधून रात्री झोप लागत नाही. त्यावर वहिनींचा उपाय म्हणजे एक जाड फाइल. तीत कुणाचं बिल होतं आणि त्यानं पैसे कधी परत केले याचे छापील पुरावे तारखेप्रमाणे लावलेले. आणि सगळ्यांत मोठा नियम भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल गोलात दिसतो: बिल पूर्ण आणि वेळेआधी भरायचं. थकलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. “एक महिना चुकला की वर्षभराचे पॉइंट खाऊन बसतो तो,” असं वहिनी सांगतात. ‘तो’ म्हणजे बँक.

अण्णांना या सगळ्याचं फारसं कौतुक नाही. ते नोकरीत असताना एलटीसीवर अंदमानला जाऊन आले. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अंदमानला विमानानं जायची खास सवलत होती, अजूनही आहे, त्यामुळे पोस्ट, टेलिफोन, आयकर अशा खात्यांमधली निम्मी डोंबिवली वीर सावरकर विमानतळावर उतरून, सेल्युलर जेलच्या अंगणात लाइट अँड साउंड शो बघून आलेली आहे. “आम्ही फक्त एक फॉर्म भरला होता,” अण्णा म्हणाले, “हिनं फाइल केलीय.”

पाचाचे चार, पाचाचे दोन

आमच्या लहानपणी दुपारी दोनच्या सुमारास जिन्यातून हाक यायची. बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं. आया जुन्या साड्या, विजारी काढायच्या. ती साडी उलगडायची, उजेडात धरायची, जर आहे का पाहायची, विरलेली जागा बरोबर शोधायची आणि म्हणायची, यावर गंज नाही येत ताई, डबा येईल. मग तासभर घासाघीस. वहिनी या घासाघिशीत सगळ्या इमारतीच्या वतीनं उभ्या राहायच्या. जिंकायच्याही. पण जिंकून काय मिळायचं, तर डब्याऐवजी जरा मोठा डबा. गंज कितीला द्यायचा हे शेवटी बोहारीणच ठरवायची, कारण पाटी तिच्या डोक्यावर होती.

पॉइंटांचं असंच आहे. आपण ते नाणं समजतो, पण त्याचा दर छापणाऱ्यानं ठरवायचा असतो आणि तो वाटेल तेव्हा बदलतो. एका मोठ्या खासगी बँकेच्या एका कार्डानं १ सप्टेंबर २०२३ पासून विमान कंपन्यांकडे पॉइंट वळवायचा भाव बदलला. आधी पाच पॉइंटांचे चार मैल होत, ते पाचाचे दोन झाले. ज्यांनी दोन-दोन वर्षं जमवलं होतं, त्यांच्या साठ्याची किंमत एका रात्रीत निम्मी झाली. नोटाबंदीत निदान रांगा तरी लागल्या. इथे एक ईमेल आला. या मंडळींच्या बोलीत याला ‘डीव्हॅल्यू झालं’ म्हणतात आणि कुणाकडे सुतक असल्याच्या सुरात म्हणतात. कायद्यानं यात काही करता येत नाही. अटींमध्ये लिहिलेलं असतं की पॉइंट तुमचे नाहीतच, आम्ही ते फक्त तुमच्या नावापुढे मांडलेत.

उलटंही होतं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. नोकरदार रस्त्यावर आले, प्रवाशांचे पैसे अडकले. पण तिची मैलांची योजना काही वर्षांपूर्वीच वेगळी कंपनी करून ठेवलेली होती, ती जगली आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावानं उभी राहिली. धनी गेला, पण वही राहिली. विमान कंपन्या आणि त्यांच्या वह्या या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे त्या वेळी माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं.

मेथीची जुडी

पार्ल्याला एक काका आहेत. तीसेक वर्षं विमान कंपन्यांत सीटांचे भाव ठरवायचं काम केलेले. त्यांच्या बाल्कनीतून धावपट्टीकडे उतरणारी विमानं दिसतात आणि बोलता बोलता ते प्रत्येकाकडे पाहून ‘भरलेलं आहे’ किंवा ‘रडतंय’ असं पुटपुटतात. कसं कळतं हे त्यांनी सांगितलं नाही. थापही असेल.

“सीट म्हणजे मेथीची जुडी,” ते म्हणाले. “दार बंद झालं की किंमत शून्य. म्हणून भाजीवाली रात्री आठला वाटे लावते. दहाला दोन.” पॉइंटांवर दिली जाणारी सीट हा तो वाटा. पण हुशार भाजीवालीला दुपारीच कळतं की आज मेथी उरणार की संपणार. संपणार असेल तर ती वाटा लावतच नाही.

विमानातल्या इकॉनॉमीच्या सगळ्या सीटा प्रवाशाला सारख्या दिसतात, कंपनीच्या संगणकात मात्र त्या अक्षरांच्या कप्प्यांत पडलेल्या असतात. एकाच रांगेत बसलेल्या तिघांची तिकिटं तीन अक्षरांची, तीन भावांची. पॉइंटांच्या सीटांचाही असाच एक कप्पा. इकॉनॉमीत पुष्कळ ठिकाणी त्याचं अक्षर ‘एक्स’. त्या कप्प्यात आज किती सीटा टाकायच्या हे संगणक मागची वर्षं बघून ठरवतो. काही सीटा तिकीटविक्री उघडते तेव्हा पडतात, म्हणजे उड्डाणाच्या साधारण ३५५ दिवस आधी. काही अगदी शेवटच्या पंधरवड्यात, वाटे लावायच्या वेळेला. मधल्या काळात शुकशुकाट.

आणि बेटांचं दुखणं वेगळंच. फ्रँकफर्टच्या विमानात सोमवारी साहेब लोक असतात, शनिवारी नसतात. शनिवारी मेथी उरते. मालेला, बालीला, मॉरिशसला जाणारं कुणीही कामाला जात नाही. सगळे सुट्टीवर, सगळे एकाच वेळी. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना. तेव्हा विमान रोख पैशांनीच भरतं आणि कप्पा रिकामा राहतो. म्हणजे ज्यांना शाळेत जाणारी मुलं आहेत, त्यांनी बेटाचे मैल जमवणं हा बराचसा मनोरंजनाचा भाग. काकांनी हे अगदी कोरड्या आवाजात सांगितलं.

मी विचारलं, कंपनीला हे सगळं परवडतं कसं? काका हसले. “अहो, बँक मैल विकत घेते आमच्याकडून. रोख. तुमच्या वहिनी उडोत न उडोत.” बँक लाखो मैल ठोकभावानं घेते आणि ग्राहकांत वाटते. त्यातले काही कधीच वापरले जात नाहीत. मैल विकण्याचा हा धंदा विमान उडवण्यापेक्षा किती भरवशाचा आहे, ते २०२० मध्ये जगाला दिसलं. करोनात विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सनं आपली मैलांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. त्या योजनेची किंमत आकारली गेली सुमारे २२ अब्ज डॉलर. विमानांसकट अख्ख्या कंपनीची शेअर बाजारातली किंमत त्या वेळी त्याहून कमी होती. डेल्टा आणि अमेरिकन यांनीही मागोमाग तेच केलं.

“मग विमानं कशाला उडवता?”

“जाहिरातीला,” काका म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

हे दोन टक्के कुणाचे?

वहिनींच्या इमारतीखाली एक किराणा दुकान आहे. मालक कच्छी, मराठी आमच्यापेक्षा चोख. त्यांच्याकडे कार्डाचं मशीन आहे, पण ते गल्ल्याच्या खाली, पोत्यामागे ठेवलेलं असतं. मागितलं तरच निघतं. समोर दिसतो तो क्यूआर कोड.

कारण उघड आहे. बँकेच्या खात्यातून यूपीआयनं पैसे आले तर दुकानदाराला काही कापलं जात नाही. जानेवारी २०२० पासून तसा नियमच आहे. क्रेडिट कार्डावर मात्र दीड-दोन टक्के, कधी त्याहून जास्त, वाटेत गळतात. ते कार्ड देणारी बँक, मशीनवाली बँक आणि कार्डाची कंपनी वाटून घेतात. बँक आपल्या वाट्यातला तुकडा पॉइंट म्हणून ग्राहकाला देते. हजाराच्या बिलावर पंधरा-वीस रुपये दुकानदाराच्या खिशातून निघतात, त्यातले काही फिरत फिरत वहिनींच्या वहीत येतात.

मी मालकांना विचारलं, तुम्ही ते सोसता? ते म्हणाले, “सोसणार कोण? तूरडाळीत घालतो ना.” म्हणजे वरच्या मजल्यावरच्या धुणंभांडीवाल्या मावशी रोख पैसे देऊन अर्धा किलो डाळ नेतात, तेव्हा त्याही मालेच्या तिकिटात दोन पैसे घालतात. वहिनींना हे सांगावं की नाही, याचा मी जिना चढताना विचार करत होतो. सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणून तर मी त्याच्याकडे कार्ड देत नाही. हॉस्पिटलला देते, हॉलवाल्याला देते. त्यांचं काही बिघडत नाही.” हॉलवाल्याच्या नावापुढे ‘भांडले’ का लिहिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तो दोन टक्के वर मागत होता.

पुडिंग

पॉइंटांसाठी जिवाचं रान करणारी माणसं आपल्याकडेच आहेत असं नाही. मुळात हा खेळच अमेरिकेतला. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं आपल्या आरक्षणाच्या संगणकाच्या जोरावर नेहमीच्या प्रवाशांसाठी मैलांची योजना काढली आणि काही दिवसांत युनायटेडनं तिचा कित्ता गिरवला. त्या खेळातला आद्य पुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातला डेव्हिड फिलिप्स नावाचा इंजिनिअर. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनं पाकिटांवरचे बारकोड पाठवले तर मैल देऊ केले. फिलिप्सनं दुकानात फिरून सगळ्यात स्वस्त वस्तू शोधली: चॉकलेट पुडिंगच्या वाट्या, २५ सेंटला एक. त्यानं १२,१५० वाट्या घेतल्या. खर्च तीन हजार डॉलरांच्या थोडा वर, मिळालेले मैल बारा लाखांहून अधिक. बारकोड सोलायला हात कमी पडले, म्हणून पुडिंग साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला दान केलं आणि त्या बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांकडून बारकोड सोलून घेतले. दानावर करसवलतही घेतली.

ही गोष्ट मी वहिनींना सांगितली. त्यांचा चेहरा कीर्तन ऐकताना होतो तसा झाला. मग त्या एवढंच म्हणाल्या, “दान केलं ते बरं केलं. नाहीतर पुडिंगची मुदत संपली असती.”

अमेरिकेतच सरकारी टांकसाळीनं एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती घरपोच, टपालखर्चाशिवाय विकायला काढली होती. लोकांनी ती कार्डावर हजारांनी मागवली आणि खोकी न उघडता बँकेत नेऊन भरली. पॉइंट खिशात, नाणी परत सरकारकडे. २०११ मध्ये टांकसाळीनं कार्ड घेणंच बंद केलं. अण्णांना ही गोष्ट जास्त आवडली. ‘टपालखर्च कुणी भरला?’ हा त्यांचा प्रश्न पोस्टातल्या माणसाला शोभेसाच होता.

पितृपक्षातली सीट

नुसतं ऐकून लिहायचं नाही, असं संपादक म्हणाले होते. तेव्हा मीही माझ्या कार्डावर साठलेले पॉइंट काढले. एका विमान कंपनीच्या साइटवर मला हवी ती सीट हिरवी दिसत होती. मी बँकेचे पॉइंट त्या योजनेत पाठवले. पोचायला दोन दिवस लागले. पोचले, तेव्हा सीट अजूनही हिरवीच होती. दाबली की ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’. चार दिवस मी पुन्हा प्रयत्न केला. ती सीट मुळात नव्हतीच. फक्त दिसत होती. या मंडळींनी तिला ‘भुताची सीट’ असं नाव ठेवलंय. एकदा वळवलेले पॉइंट बँकेत परत येत नाहीत. आता माझे मैल त्या खात्यात मुदत संपायची वाट पाहत पडलेत. वहिनींना सांगितलं, तर त्या दातांखाली जीभ धरून म्हणाल्या, “आधी फोन करून विचारायचं, मग पाठवायचं. साडी आधी देऊन टाकली तर बोहारीण भांडं देईल का?”

शेवटी मी त्यांच्याच विमानाचं तिकीट रोख पैसे देऊन काढलं.

त्यांच्या तारखेचंही एक गुपित होतं. पॉइंटांची सीट सुटली ती गणपती उठल्यानंतरच्या पंधरवड्यात. पितृपक्ष. सासरची मंडळी नाराज झाली, वन्संनी (मोतीबिंदू झालेल्याच) फोन करून ‘या दिवसांत समुद्र ओलांडता?’ असं विचारलं. पण आपल्याकडे लोक या पंधरवड्यात कुठे जात नाहीत, शाळा चालू असतात, आणि मालदीवमध्ये तेव्हा नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो. तिथे त्याला ‘हुळांगू’ म्हणतात. आपलाच पाऊस, जरा लवकर पोचलेला. जाहिरातीतलं निळं पाणी डिसेंबर ते एप्रिलमधलं. म्हणजे पॉइंटांवर बेट मिळतं ते बहुधा ओलं. वहिनींना हे ठाऊक होतं. त्यांनी अण्णांच्या वडिलांचं श्राद्ध तिथीला उरकलं आणि तिसऱ्या दिवशी बॅगेत दोन छत्र्या घातल्या.

पुढच्या वर्षीचा बेत मॉरिशसचा आहे. तिथे गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते आणि एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारानं गेलेल्या कोकणातल्या, साताऱ्याकडच्या लोकांचे वंशज गणपती बसवतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय. त्या लोकांना तिकीट फुकट होतं, एवढंच मी म्हणालो. परतीचं बहुतेकांना कधी परवडलंच नाही.

माले, धक्क्यावर

मुंबईहून अपरात्री निघालेलं विमान पहाटे कोलंबोला उतरलं. मोरपंखी साडीतल्या हवाईसुंदरींनी तिघांनाही सारख्याच नमस्कारानं ‘आयुबोवन’ केलं आणि सारखाच नाश्ता दिला. वहिनी माझ्या ट्रेकडे पाहून हसल्या. काही बोलल्या नाहीत, ते अधिक लागलं.

मालेचा विमानतळ हे स्वतःच एक बेट आहे, हुळुले. दारातून बाहेर पडलं की टॅक्सीचा थांबा असावा तिथे धक्का येतो. पाणी इतकं जवळ की बॅगेचं चाक घसरलं तर सरळ समुद्रात. रिसॉर्टांची माणसं नावांच्या पाट्या धरून उभी आणि पाहुणे आपापल्या होडीच्या नाहीतर समुद्री विमानाच्या दिशेला हाकले जातात.

तिथे पुण्याचं एक नवविवाहित जोडपं भेटलं. तिकीट पॉइंटांवर, पाण्यावरच्या लाकडी व्हिलातल्या पाच रात्री हॉटेलच्या पॉइंटांवर. चार रात्रींचे पॉइंट दिले की पाचवी माफ, अशी ती योजना. मुलगा खुशीत होता. मग काउंटरवरच्या मुलीनं रिसॉर्टला नेणाऱ्या समुद्री विमानाचं बिल पुढे केलं. जाऊन-येऊन माणशी काहीशे डॉलर आणि वर कर. पॉइंट चालत नाहीत. दुसरा रस्ता नाही, कारण रस्ताच नाही. ही छोटी ट्विन ऑटर विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात, पायलट पुष्कळदा अनवाणी असतो आणि त्यांचं भाडं मुंबई-माले तिकिटापेक्षा जास्त पडतं. मुलीनं नवऱ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पुढची पन्नास वर्षं त्या घरात आठवली जाईल असं मला वाटलं.

वहिनींनी हे सगळं आधी वहीत मांडलेलं होतं, म्हणून त्या रिसॉर्टच्या वाटेला गेल्या नाहीत. २००९ नंतर मालदीवनं लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं काढू द्यायला सुरुवात केली. त्यातलं एक माफुशी. मालेहून स्पीडबोटीनं अर्ध्या-पाऊण तासावर, पंचवीसेक डॉलर. सरकारी फेरी त्याहून पुष्कळ स्वस्त, पण शुक्रवारी बंद, आणि आम्ही पोचलो तो शुक्रवार. वहिनींच्या वहीत ही एकच चूक सापडली. अण्णांनी ती बोटीत तीनदा बोलून दाखवली.

माफुशीवर एक तुरुंग आहे, एक शाळा, मशिदी आणि एकाला एक लागून गेस्टहाउसं. दारू मिळत नाही. पोहण्याच्या कपड्यांत फिरायचं तर ‘बिकिनी बीच’ अशी पाटी लावलेला किनाऱ्याचा एक तुकडा वेगळा राखलेला. पाऊस पहिल्याच संध्याकाळी आला, कोकणात येतो तसाच, आधी माडांतून आवाज आणि मग अंगावर. सकाळी नाश्त्याला मासहुनी: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हातानं कालवून, बरोबर रोशी नावाची पातळ पोळी. वहिनींनी पहिला घास घेऊन विचार केला आणि जाहीर केलं की ही जवळ्याची कोशिंबीर आहे, फक्त जवळा मोठा झालाय.

दुपारी पावसानं अडकलो तेव्हा त्यांनी वही काढली. तिकिटाच्या ओळीत शून्य नव्हतं. मालदीव सोडून जाणाऱ्या परदेशी माणसाला इकॉनॉमीत ५० डॉलर प्रस्थान कर आणि तितकंच विमानतळ विकास शुल्क तिकिटातच भरावं लागतं. १ डिसेंबर २०२४ पासूनचा हा दर. बिझनेस क्लासला १२०-१२०. दोघांचे मिळून दोनशे डॉलर इथेच गेले. वर मुंबईचे, कोलंबोचे कर आणि इंधनाचा अधिभार. पॉइंट सीटचं भाडं भरतात, कर नाही. गेस्टहाउसच्या बिलात माणशी रोज सहा डॉलर हरित कर, शिवाय १७ टक्के पर्यटन कर. मी माझं रोख तिकीट आणि त्यांचे कर शेजारी मांडले. त्यांची बचत खरी होती, चांगली होती. पण चार वर्षं, चार कार्डं आणि एक मोतीबिंदू लावावा इतकी होती का? अण्णा चष्मा पुसत म्हणाले, “तिला विचारू नका. ती निवृत्त झाल्यापासून या वहीमुळे रोज सकाळी सातला उठते.”

शेवटच्या दिवशी गेस्टहाउसच्या काउंटरवर बिल आलं. वहिनींनी पर्समधून ते भारी कार्ड काढलं. परदेशातल्या खर्चावर जास्त पॉइंट, हे त्यांनी महिनाभर आधी मुलाकडून वदवून घेतलेलं. काउंटरवरचा बांगलादेशी मुलगा ओशाळून म्हणाला, कार्डाला चार टक्के वर लागतील, दीदी.

त्यानंतरची वीस मिनिटं मी धक्क्यावर बॅगा सांभाळत होतो. बोटवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला. वहिनी आल्या त्या तोंड मिटून, बोटीत बसल्या, वाऱ्यात उडू नये म्हणून वही गुडघ्यानं दाबून धरली आणि लिहिलं: ‘माफुशी, खोली, चार रात्री. रोख डॉलर.’ पॉइंटांच्या रकान्यात रेघ मारली. मग जरा थांबून रेघेवरच बारीक अक्षरात लिहिलं, ‘भांडले’.